टिकलूचा उपास

टिकलूनं तोंड फिरवलं.

दत्तोपंतांनी चिमट्यातलं गांडूळ पुन्हा त्याच्या नाकापुढं हलवलं. टिकलू म्हणजे नातवाचा, अमेयचा, पाळलेला न्यूट. बोटभर लांब, काळा, पोटाला लाल ठिपके. दिसायला पालीचा पाण्यातला चुलतभाऊ. काचेच्या टाकीत दगडावर बसून तो ढिम्म हलेना.

पुण्याला शिकायला जाताना अमेय म्हणाला होता, "आजोबा, दिवसाआड एकच गांडूळ. तुमच्याशिवाय कुणावर सोडवत नाही." दत्तोपंतांनी त्या सांगण्याला आपल्या वडिलांची शिस्त जोडली होती: आधी घरातला मुका जीव, मग आपलं ताट.

ते टेबलाशी येऊन बसले.

"पुन्हा?" हिमांशू म्हणाला. चारुतानं नवऱ्याला डोळ्यांनी गप्प केलं आणि सासऱ्यांना वाढलं. लिंबाएवढा भात. हल्ली वाढतानाही सुनेचा हात आखडायला लागला होता.

टिकलूनं तोंड फिरवलं.

संध्याकाळी अमेयनं फोनवरून टाकी बघितली. "उपाशी न्यूट असा दिसतो का, आजोबा? पोट बघा, टम्म फुगलंय. कुणीतरी चोरून चारतंय त्याला. असंच चाललं तर मरेल तो."

कुणीतरी.

हर्सूलच्या रोपवाटिकेतून आणलेला गांडुळांचा डबा फ्रिजमध्ये ठेवला, त्या दिवशी चारुता म्हणाली होती, "कोथिंबिरीच्या शेजारी किडे. आणि म्हणे या घरात सोवळं होतं." आता त्याच डब्यातली गांडुळं भराभर कमी होत होती.

आणि रात्री पाणी प्यायला उठले, तेव्हा स्वयंपाकघरात हिमांशूचा दबका आवाज. "दाखवून घेऊ या एकदा. अमेयला आत्ताच काही बोलू नकोस."

दत्तोपंत पाणी न पिताच परतले.

रविवारी पूजा झाली. देवघरातला चिमूटभर बुक्का त्यांनी डब्याच्या झाकणाला कडेनं चोळला. झाकण काळं, बुक्का काळा. डबा वरच्या कप्प्यात, दाराकडं सरकवून ठेवला. मग साबणानं हात धुतले, दोनदा, आणि पांढऱ्या पंच्याला पुसून पाहिले. स्वच्छ. आज आपण डब्याला शिवायचं नाही. जो शिवेल त्याची बोटं बोलतील.

आरामखुर्ची फ्रिज दिसेल अशी ओढून ते बसले. ऊन फरशीवरून सरकत गेलं. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मध्ये जरा डोळा लागला असावा.

टिकलूनं तोंड फिरवलं.

"बाबा, चला. पानं घेतलीत."

उठताना त्यांनी फ्रिज उघडून नुसतं पाहिलं. डबा खालच्या कप्प्यात होता.

म्हणजे सापडला. पोराचा एवढासा जीव, आणि घरातलंच माणूस त्याच्यावर उठलं होतं.

"चारुता, बांगड्या नव्या का गं? बघू."

"कुठल्या नव्या, बाबा? लग्नातल्या आहेत." तिनं दोन्ही हात पुढं केले. हळदीचा डाग, बाकी स्वच्छ.

"हिमांशू, अंगठी सैल झालीय का रे तुझी?"

"अंगठी मी कधी घातलीय?" त्यानं हात उलटेसुलटे करून दाखवले. स्वच्छ.

धुतले असतील. वस्ताद आहेत दोघंही. जेवणं होऊ देत, मग अमेयला फोन लावून त्याच्यासमोरच विचारायचं.

"हात धुतलेत ना, बाबा?" चारुतानं हळूच विचारलं.

"सकाळीच. साबणानं. दोनदा." प्रत्येक शब्द त्यांनी तिच्या डोळ्यांत बघून उच्चारला.

गरम भाताची शुभ्र मूद तिनं त्यांच्या पानात वाढली. दोघांच्या बोटांवरची नजर न काढता दत्तोपंतांनी पानाभोवती पाणी फिरवलं, शितं उचलली आणि रोजच्यासारख्या उजव्या बाजूला चित्राहुती मांडल्या. मग खाली पाहिलं.

चारही चित्राहुती काळ्या होत्या.