विसावं राज्य

“रोख नको, फक्त चेक,” रूथ केस्लरने तिसऱ्यांदा बजावलं. “आणि चेकवर ज्याची त्याची सही हवी.”

“बिनसहीचा चेक घ्यायला मी काय खुळा आहे, पोरी?” आयव्हर ब्रेके म्हणाला. चर्चच्या तळघरातलं कोपऱ्यातलं टेबल त्याने स्वतःच्या रुमालाने पुसून घेतलं होतं. “गुरांच्या बाजारात लिलावाचा कारकून म्हणून हयात गेली माझी. घेणाऱ्याने गाय पसंत करायची, माझ्याकडे येऊन चेक फाडायचा, गाय न्यायची. मालकाशी बोलायचंसुद्धा काम नाही; मालकाला त्याची रक्कम एकगठ्ठा मी देतो. आजवर एकाही मालकाने माझ्याकडे बोट दाखवलेलं नाही.”

रूथला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

१९७५चा डिसेंबर होता. रूथ ज्यांचा प्रचार सांभाळत होती ते सिनेटर एमरी टॉलिव्हर राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत आहेत, हे अजून निम्म्या देशाला ठाऊक नव्हतं. ठाऊक करून द्यायचं तर पैसे हवेत. सरकार ते द्यायला तयार होतं, पण अट घालून. आधी वीस राज्यांत प्रत्येकी पाच हजार डॉलर वर्गणी जमवून दाखवा, मग आम्ही भर घालू. शिवाय कुणा एका धनिकाच्या जिवावर नको. चेक केवढाही असो, एका माणसाचे अडीचशेच मोजणार.

एकोणीस राज्यं झाली होती. विसावं हे, नॉर्थ डाकोटा. इथले तीन हजार फार्गो शहरात जमले होते. उरलेले दोन हजार या गावातून, रविवारच्या जेवणानंतर, केकच्या लिलावात यायचे होते. उद्या दुपारपर्यंत कागद वॉशिंग्टनला पोचले तरच पहिला हप्ता मिळणार होता.

“नाही जमलं तर मंगळवारी माघार,” टॉलिव्हर सकाळी गाडीत म्हणाले होते. “बायकोचा पियानो विकून कचेरीचं भाडं दिलं. आता घरात विकण्यासारखा मीच उरलोय, आणि मला गिऱ्हाईक नाही.”

लिलाव सुरू झाला. पहिला केक बारा डॉलरला गेला. रूथने उरलेले केक मोजले. दुसरा पंधराला.

“गहू एवढा चांगला विकला गेलाय तुमचा,” केक पुकारणारी ऑडेल हातातली थाळी उंच धरून म्हणाली, “आणि हात खिशातच. थंडी काय एवढी वाजतेय?”

लोक हसले. पुढचा केक साठला गेला, त्यापुढचा नव्वदला. शेजाऱ्याने नव्वद दिले म्हणून दुसऱ्याने शंभर दिले. एकेक जण उठून आयव्हरच्या टेबलापाशी जात होता, चेकबुक टेबलावर ठेवून लिहीत होता, केक काखेत मारून परतत होता. रूथ भिंतीला टेकून मनातल्या मनात बेरीज करत होती. मधूनच खिडकीबाहेर बघत होती. बर्फ आडवा पडायला लागला होता.

शेवटचा केक ऑडेलचा स्वतःचा, चॉकलेटचा. त्यावर केरमिट ओलस्टाड आणि त्याचा मेहुणा अडून बसले. दोनशे. सव्वादोनशे. अडीचशे.

“तीनशे,” केरमिट म्हणाला.

रूथ धावतच मध्ये गेली. “मिस्टर ओलस्टाड, अडीचशेच्या वर नको. एका माणसाचे त्यापुढचे धरतच नाहीत. तुम्ही दोघांनी अर्धा अर्धा घ्या. दोन माणसं, दोन चेक.”

“त्याच्याबरोबर अर्धा? गेली आठ वर्षं मी त्याला ट्रॅक्टरसुद्धा दिलेला नाही.”

“ट्रॅक्टर कोण मागतंय?” मेहुणा म्हणाला. “सुरी दे.”

केक कापला गेला. दोघंही आयव्हरच्या टेबलाकडे गेले. रूथची बेरीज दोन हजारांच्या पुढे सरकली होती. तिने ती पुन्हा केली. तेवढीच आली.

तेवढ्यात कुणीतरी जिन्यावरून ओरडून सांगितलं की महामार्ग बंद करतायत. तळघर बघता बघता रिकामं झालं. ट्रकचे मागचे लाल दिवे एकेक करून, मैलोन् मैल दूर असलेल्या शेतांकडे बर्फात विरघळून गेले.

“मिस्टर ब्रेके, सगळे चेकच ना?” रूथने कोट चढवत विचारलं.

“रोख एक सेंटही घेतला नाही.”

“आणि सह्या?”

“प्रत्येकाची, माझ्यासमोर.” त्याने कोटाच्या आतल्या खिशातून चिकटवलेलं पाकीट काढून तिच्या हातात ठेवलं. “बाजारात मालक हे दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येतो. तू घाईत म्हणून आजच निपटवलं. मोजायचं तर मोज. पण गावात कळलं की माझं पाकीट कुणी मोजून घेतलं, तर मला तोंड दाखवायला जागा नाही.”

रूथने मोजलं नाही. पाकीट हाताला हलकं लागलं. पण कागदाला वजन असणार ते किती.

महामार्गावर त्यांची गाडी शेवटची निघाली. त्यांच्या मागे पोलिसाने आडवा दांडा खाली केला. टॉलिव्हर काचेला नाक लावून गाडी हाकत होते आणि कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच गुणगुणत होते.

“रूथ, उघड की ते. एकेकाचं नाव वाच. प्रत्येकाला मी स्वतःच्या हाताने आभाराचं पत्र लिहिणार आहे.”

रूथने पाकीट फाडलं. आत एकच चेक होता, दोन हजार एकशे चाळीस डॉलरचा. खाली ठसठशीत, वळणदार सही होती: आयव्हर ब्रेके.