बारा अंश

"बारा अंश! पुन्हा बारा अंश डावीकडे नेलीस," एस्बेन ओरडला. "उजवीकडे घे!"

सुकाणूवर बसलेल्या बायकोने, रिग्मोरने, मान हलवली. काही म्हणालीही असेल. हेडफोनमुळे त्याला ऐकू आलं नाही. मान हलली की त्याला पुरत असे.

धुक्यात बोटीचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. पुढे कुठेतरी लेसो बेटाचं बंदर होतं आणि त्याच्या उजव्या अंगाला वाळूचे उथळ पट्टे. तिथे दर उन्हाळ्यात कुणाची तरी बोट फुटायची. एस्बेनच्या हातात दिशा शोधायचा रेडिओ होता. त्यावर छोटा कंपास बसवलेला. यंत्र डोळ्यांसमोर धरून फिरवायचं. बंदरावरच्या रेडिओ-मनोऱ्याची पीं-पीं हेडफोनमध्ये जिथे बंद पडेल, तिकडे मनोरा. आवाज बंद झाला म्हणजे दिशा बरोबर. संसाराबद्दलही एस्बेनचं हेच मत होतं.

तो शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा. अकरा उन्हाळे ते दोघं या बेटावर येत होते, आणि अकरा वर्षं नोंदवहीत तीच ओळ होती : 'रिग्मोर १२ अंश चुकली. सुधारून घेतली.' बंदर दर वेळी बरोबर नाकासमोर लागायचं. मग तो ती ओळ क्लबात वाचून दाखवायचा. लोक हसायचे. रिग्मोर कॉफी ओतायची.

आता ती काहीतरी बोलत होती.

"काय?"

ती पुन्हा बोलली.

"अगं, सँडविच नंतर! दिसत नाही, काम चाललंय?"

रिग्मोरने हात लांब केला आणि त्याच्या डोक्यावरचे हेडफोन ओढून काढले.

"संध्याकाळच्या फेरीबोटीनं मी ऑल्बोर्गला चाललेय, बहिणीकडे. कायमची. हे तिसऱ्यांदा सांगतेय."

एस्बेन कंपासकडे बघत होता. हात हलला नव्हता, तरी तबकडी फिरली होती. बारा अंश. त्याने तिच्या हातातले हेडफोन घेतले आणि जवळ आणले. तबकडी फिरली. लांब नेले. तबकडी परत जागेवर. हेडफोनमध्ये चुंबक असतं, हे तो दर वर्षी सातवीच्या पोरांना शिकवायचा.

मग त्याने सुकाणूपुढचा मोठा कंपास पाहिला. सकाळी ठरवलेली दिशा तशीच होती. तसूभरही हललेली नव्हती.

"उजवीकडे घेतली नाहीस?"

"नाही."

"आणि गेल्या वर्षी?"

"एकदाही नाही. म्हणून तर ओरडायला जिवंत आहेस."

बंदराच्या तोंडाशी तरंगणारी घंटा वाजली. बरोबर नाकासमोर.

एस्बेनने नोंदवही उघडली आणि पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.

"काय लिहितोयस?" रिग्मोरने विचारलं. आवाज जरा खाली आला होता. फेरीबोट सुटायला अजून चार तास होते.

एस्बेनने घसा साफ करून वाचलं, "हेडफोन १२ अंश चुकले. सुधारून घेतले."