चुलीखालची नाळ

ग्वाटेमालाच्या डोंगरात मुलाची नाळ झाडाला टांगतात आणि मुलीची चुलीखाली पुरतात, म्हणजे ती घर धरून राहते. लेकीची सुकून पडलेली नाळ घेऊन माकारिया आईच्या चुलीपाशी बसली. लहानपणी आईच्या शालीत तोंड खुपसलं की धुराचा आणि मक्याच्या भाकरीचा वास यायचा, सगळी भीती पळायची. आता त्याच शालीत तोंड खुपसून आई खोकत होती. परवा दवाखान्यात डॉक्टरनं विचारलं, “सिगारेटी किती ओढता, आजी?” तेव्हा जन्मभर चुलीशिवाय कशाचाच धूर न घेतलेली आई पोट धरून हसली. माकारियानं माती उकरायला सुरी उचलली, तसा आईनं तिचा हात धरला. “माझी नाळ चुलीखाली, तुझीही चुलीखाली. पुरे झालं. हिची झाडाला बांध.” “अगं आई, मग पोरगी घरात टिकायची नाही, लोक हसतील.” “हसू देत,” शालीनं डोळे पुसत आई म्हणाली. “तिथं वारं तरी लागेल तिला.”