हौदातला गाळ

स्वरूपाने रुखवतात शिंपल्यांची पिल्लं आणली होती, तिळाएवढी. पाणी गाळायची यंत्रं घराघरांतून कधीच गेली होती. आता पाणी शिंपलेच गाळत. हौदात ते जगले तर घरचं पाणी प्यायचं, नाहीतर औषधाचा वास मारणारं सरकारी टाकीचं.

सासूबाईंचे, म्हणजे सगुणाबाईंचे जुने शिंपले उन्हाळ्यात पाणी तापून मेले होते. त्यामुळे ही पिल्लं त्या डोळ्यांत तेल घालून जपत होत्या. रोज हौदाचा तळ घासत, पाणी बदलत. तरी रोज दोन-चार शिंपले मरून उघडे पडलेले दिसत.

महिन्याभराने स्वरूपा म्हणाली, "आई, तळ घासू नका."

"मग काय चिखलात ठेवू? तुझ्या माहेरची ठेव आहे ती."

"आमच्याकडे तळाला बोटभर गाळ असतो. पिल्लं त्यातच रुतून बसतात, त्यातलंच खातात. तुम्ही इतक्या मायेनं घासत होता, मला बोलवेना."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने सगुणाबाई विहीणबाईंकडे गेल्या आणि दुपारी नदीचा डबाभर गाळ घेऊन परतल्या. ठेवणीतल्या साडीवर चिखल सांडला होता. त्यांनी हौदात हात घालून तो गाळ हळूहळू पसरला. उरलेली पिल्लं एकेक करून त्यात दिसेनाशी झाली.

"गेली त्यातली निम्मी माझ्या घासण्यानं," हात पुसत त्या सुनेला म्हणाल्या, "आणि निम्मी तुझ्या गप्प बसण्यानं. यापुढे मी घासणार नाही. तू गप्प बसायचं नाहीस."