भट्टीत विसरलेली चकती

चकती त्याची नव्हतीच, याबद्दल शुलानला तिळमात्र शंका नव्हती.

कृती तिची, पूड तिची, शिआन शहरातल्या त्या प्रयोगशाळेतली एकुलती एक भट्टीही तीच. तरी नवख्या बेइफंगच्या पहिल्याच खेपेच्या सिरॅमिक चकतीत सूक्ष्मलहरी घंटेच्या नादासारख्या घुमत राहिल्या होत्या. तिच्या चकत्यांत त्या इतकी वर्षं लगेच विरून जात होत्या. कुठेतरी पाणी मुरत होतं. पोराने बाजारातली तयार चकती आणून खपवली असणार. आणि परवा प्रयोगशाळेचे प्रमुख यान सर ठरवणार होते, मोबाइलचे मनोरे बनवणाऱ्या कंपनीकडे कोणाची चकती पाठवायची ते. तिची गेली नाही, तर तिची डॉक्टरेट बुडालीच म्हणायची.

दुपारी सगळे जेवायला पांगले तशी तिने त्याच्या खणातून चकती उचलली आणि लेसरखाली ठेवली. प्रत्येक स्फटिकातले अणू आपापल्या ठेक्यात थरथरतात. त्या थरथरीच्या रेषा पडद्यावर उमटल्या, की पदार्थाची जात लपत नाही. आता सापडतोस बेट्या, ती पुटपुटली.

रेषा उमटल्या. जात तिच्याच पदार्थाची होती. फक्त तिच्या चकत्यांच्या रेषा पसरट यायच्या, या सुईसारख्या बारीक होत्या. म्हणजे इथले अणू शहाण्यासारखे आपापल्या जागी बसले होते.

दार वाजलं. तिने चकती झटकन मुठीत लपवली. बेइफंग आत आला, हातात तिच्यासाठी आणलेली मांस भरलेली रोटी.

"भट्टीत वेगळं काय केलंस रे?" तिने दरडावूनच विचारलं.

तो ओशाळला. आई गावाहून आली होती म्हणे. भट्टी बंद केली आणि चकत्या आत आहेत हेच विसरला. परत आला तोवर त्या हळूहळू आपोआप निवल्या होत्या.

शुलान तर चकत्या लालबुंद असतानाच चिमट्याने काढायची आणि कुलपात टाकायची. इथे भरवसा कोणाचा धरायचा? तिच्या चकत्यांतल्या अणूंना जागी बसायला उसंतच मिळाली नव्हती.

"तशाच सोडून गेलास? कोणी पळवल्या असत्या तर?"

"कोण पळवणार, ताई?" म्हणत त्याने रोटी पुढे केली.

ती घ्यायला शुलानने मूठ उघडली. चटक्यांच्या जुन्या डागांवर त्याची चकती होती.