दुसरा पक्षी

चित्रात दोन पक्षी आहेत, असं दुआ मॅडमनी सांगितलं होतं. नादियाला एकच सापडत होता.

फांदीवर काळी साळुंकी, खाली बांबूची पानं, उजवीकडे नुसता कोरा कागद. चीनमध्ये लाकडी ठोकळ्यांनी छापलेलं जुनं चित्र. मॅडमकडे ही एकच प्रत होती, आणि ठोकळे केव्हाच जळून गेलेले. सोमवारी वर्गात दुसरा पक्षी दाखवला, तर म्युझियममधली इंटर्नशिप नादियाची. म्हणून ती चित्र ट्यूबमध्ये घालून अमिरातीतल्या अल ऐनच्या कॉलेजातून फुजैराला घरी आली होती.

शुक्रवारची सगळी संध्याकाळ भिंगात गेली. आई कॅथरीनने पानापानांत चोच शोधली. नादिया रडकुंडीला आली. वडील स्टॅनलीचा जीव तुटत होता, पण कलेतलं त्याला काय कळणार? त्याची तीस वर्षं हॉटेलच्या लाँड्रीत गेलेली. मैत्रिणींना लेक "डॅडी हॉटेल लाइनमध्ये आहेत" एवढंच सांगते, हे त्याला ठाऊक होतं आणि लागतही होतं.

शनिवारी सकाळी दोघी मासळी आणायला गेल्या, तेव्हा त्याने चित्र खिडकीशी धरलं. कोऱ्या भागात बारीक सुरकुत्या होत्या. गुंडाळून आणल्यावर दुसरं काय होणार! त्याने मलमलचं ओलसर फडकं घेतलं, इस्त्री अगदी मंद ठेवली. शेखांचे पांढरेशुभ्र, पायघोळ कंदुरे त्याच्या हाताखालून गेले होते, हा तर कागद. दहा मिनिटांत सपाट झाला, रंगाला धक्का नाही.

परत आल्यावर नादिया बघतच राहिली.

"डॅडी, यू डिड धिस? त्या सुरकुत्यांचं मला किती टेन्शन होतं! मॅमना सांगणार मी, माझ्या डॅडींनी केलं."

ती गळ्यात पडली. स्टॅनलीला भरून आलं.

रविवारी दुपारपर्यंतही पक्षी सापडला नाही. शेवटी स्टॅनलीच म्हणाला, "यल्ला, चल, मॅडमना विचारून टाक. विचारण्यात कसली लाज?"

मॅडमचा व्हॉइस मेसेज लगेच आला. नादिया फोन कानाला लावून ऐकत होती आणि आईसाठी मराठीत सांगत होती.

"म्हणतात, भिंग ठेव. उजवीकडे हलकेच बोट फिरव. त्याला रंग लावलेलाच नाही, ठोकळ्याने नुसता कागद दाबून बगळा उठवलाय. नवख्या माणसाला वाटतं..."

ती थांबली. तिने वडिलांकडे पाहिलं.

"...कागदाला सुरकुत्या पडल्यात."