बॅटरी का उतरते

मीटरवर १२.१ व्होल्ट दिसत होते. चारच दिवसांपूर्वी तिने ही सीलबंद बॅटरी पूर्ण चार्ज केली होती, तेव्हा आकडा १२.७ होता. उभ्या गाडीची बॅटरी इतकी उतरायला महिने लागतात, हे शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या तिला पक्कं ठाऊक होतं.

लेक आजारात गेली, तेव्हापासून वर्षभर गाडी जागची हलली नव्हती. तरी ती बॅटरी मरू देत नव्हती. "विकून टाक तो डबा," एवढंच नवरा म्हणायचा. लेकीचं नाव त्याने पुन्हा कधी काढलं नाही. या दगडाला सोडून कायमचं ताईकडे जायचं, हे तिने केव्हाच ठरवलं होतं. सांगायचं तेवढं रोज उद्यावर जात होतं.

मेकॅनिक बॅटरी तपासून हसला. "वहिनी, हिला कशाला नावं ठेवताय? ठणठणीत आहे. घरचाच कुणी उंदीर चावी फिरवतोय बघा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती शाळेतून लवकर परतली. गॅरेजमध्ये नवरा गाडीत बसला होता. इंजिन बंद, टेप चालू. टेपवर लेक पाढे म्हणत होती. "सात साते एकोणपन्नास, सात आठे..." नेहमीच्याच जागी ती अडली.

"छप्पन्न," नवऱ्याने हळूच सांगितलं.

ती दार उघडून त्याच्या शेजारी बसली.



"पहिल्यापासून लाव," ती म्हणाली. "मी कायमची ताईकडे जाणार होते. नाही जात."